केशरोपण करायचंय? तंत्राच्या नावाआधी मागच्या केसांचा हिशोब मांडा

‘एका ठिकाणी एफयूई सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी डीएचआय, तिसरीकडे सफायर. दर तिघांचे वेगळे आणि तिघंही म्हणतात आमचंच सगळ्यात आधुनिक. यातलं घेऊ कुठलं?’ म्हापशाहून विचारणा येवो की मडगावहून, प्रश्न बहुतेक याच शब्दांत येतो. माझ्या मते हा प्रश्न शेवटून सुरू होतो. केस कशामुळे जातायत, डोक्याच्या मागच्या भागात साठा किती आहे आणि पुढच्या वीस वर्षांत अजून किती जाणार, हे कळलं की तंत्र जवळजवळ आपोआप ठरतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मुळात केशरोपणात नवा केस तयार होत नाही, मागचा केस पुढे येतो. पुरुषी टकलेपणात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे पुढची आणि माथ्यावरची मुळं हळूहळू बारीक होत जातात. मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि जागा बदलली तरी ती आपला हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि त्यावरच हा सगळा व्यवसाय उभा आहे. त्या काळी सुमारे ४ मिलिमीटरचे गोल तुकडे उचलून पुढे बसवत, त्यामुळे केस बाहुलीच्या डोक्यासारखे पुंजक्यांनी दिसायचे. पुढे लक्षात आलं की केस मुळातच एक ते चारच्या छोट्या गटांनी उगवतात. हा एक गट म्हणजे आजचा ‘ग्राफ्ट’. १९८८ पासून टेक्सासचे डॉ. बॉबी लिमर सूक्ष्मदर्शकाखाली हे गट सुटे करू लागले, तेव्हापासून केशरोपण नैसर्गिक दिसू लागलं.

भाताची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं चटकन कळेल. तरवा उपटायची रीत वेगळी आणि चिखलात रोवायची वेगळी. एफयूटी आणि एफयूई ही उपटण्याच्या रीतींची नावं आहेत. सफायर आणि डीएचआय ही मुख्यतः रोवण्याच्या रीतींची. त्यामुळे ‘एफयूई चांगलं की डीएचआय’ ही तुलनाच बसत नाही. डीएचआयमध्येही ग्राफ्ट सहसा एफयूईनेच काढलेले असतात.

पायरी १: निदान, तेही त्वचारोगतज्ज्ञाकडून

डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने घटवलेलं वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. घाबरायला होतं, पण हे गळणं तात्पुरतं असतं. त्यावर शस्त्रक्रिया करणं म्हणजे पैसे तर जातातच, वर मागचे केसही वाया जातात. चाई, म्हणजे अचानक पडणारे गोल गुळगुळीत चट्टे, हा रोगप्रतिकारशक्तीचा आजार आहे. तो सक्रिय असताना लावलेले केसही जाऊ शकतात. मुळांच्या जागी व्रण धरणारे काही आजारही असतात, त्यात सूज पूर्ण शांत होऊन बराच काळ गेल्याशिवाय रोपणाचा विचार करत नाहीत.

यासाठी केशरोपणाच्या केंद्रात जायची गरज नाही, आणि पहिल्याच भेटीत जाऊही नये. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात किंवा तुमच्या गावच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवा. ज्याला शस्त्रक्रिया विकायची नाही अशा माणसाचं निदान हातात असलेलं बरं. थायरॉइड, लोह आणि हिमोग्लोबिनच्या चाचण्या डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करून घ्या. बायकांनी तर हे टाळूच नये. त्यांचे केस बहुधा सगळीकडून विरळ होतात, मागचा भागही त्यातून सुटलेला नसतो, त्यामुळे अनेकींच्या बाबतीत रोपण बसतच नाही.

पायरी २: आधी औषध

मिनॉक्सिडिल लावायचं आणि फिनास्टराइड पोटात घ्यायचं, ही दोन जुनी, परखलेली औषधं. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि थांबवलं की हळूहळू मूळ परिस्थिती परत येते. फिनास्टराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी जाणवतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. ते चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. घरात गरोदर बाई असेल तर तिने तुटलेली गोळी हाताळू नये. प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी करायची झाली तर हे औषध चालू असल्याचं सांगा, कारण आकडा साधारण निम्मा दिसतो.

‘रोपण करणार आहे, मग औषध कशाला?’ तर रोपलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे तुमचे जुने केस गळतच राहतात. पुढे दाट पट्टा, मध्ये ओसाड आणि मागे पुन्हा केस, असं दिसायला लागलं की टोपीशिवाय पर्याय उरत नाही. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया करायला चांगले डॉक्टर कचरतात ते याचमुळे. टक्कल कुठवर जाणार हे त्या वयात कुणालाच सांगता येत नाही.

पायरी ३: हिशोब

हे घरी करता येतं. वह्यांना घालतो तसल्या पारदर्शक कव्हरचा तुकडा डोक्यावर ताणून धरायला कुणाला तरी सांगा. विरळ भागाची कड मार्करने गिरवा. मग तो तुकडा आलेखाच्या कागदावर ठेवून एक सेंटिमीटरचे चौकोन मोजा. डोकं गोल असल्याने आकडा ढोबळच येईल, पण कामापुरता पुरतो.

धडधाकट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ गट असतात. जवळजवळ निम्मे जाईपर्यंत डोळ्याला विरळपणा जाणवत नाही, त्यामुळे ३५ ते ४५ ग्राफ्ट लावले तरी भाग भरलेला दिसतो. समजा फक्त पुढचा भाग गेलाय आणि चौकोन ६० भरले. ६० × ४० म्हणजे २४०० ग्राफ्ट, एका बैठकीत जमण्यासारखं काम. आता वडिलांचं किंवा मामाचं डोकं आठवा. वरचा अख्खा भाग गेला तर क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. तिथे त्याच दाटीने लावायला ८००० ग्राफ्ट हवेत. बहुतेकांच्या मागच्या भागातून आयुष्यभरात मिळून चार ते सहा हजारच सुरक्षितपणे निघतात.

हे गणित एकदा कळलं की जाहिरातींमधलं बरंच काही आपोआप फोल वाटू लागतं. साठा कमी असेल तर पुढचा भाग आणि मधला पट्टा आधी भरावा, आणि माथ्यावरचा भोवरा शेवटी ठेवावा किंवा सोडून द्यावा. भोवऱ्यात केस चहूदिशांनी वळतात, त्यामुळे तिथे ग्राफ्ट भरमसाट लागतात आणि उठाव कमी दिसतो. चेहऱ्यात फरक पडतो तो पुढच्या रेषेने. ती रेषाही भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साधारण ७ ते ९ सेंटिमीटरच्या खाली ओढू नये. पंचविशीत शोभणारी खाली आलेली रेषा पन्नाशीत विचित्र दिसते आणि तिच्यापायी साठा संपलेला असतो.

मागच्या भागाची प्रत डॉक्टरांनी डर्मोस्कोपने तपासायलाच हवी. टाळूवर ठेवलं की दिवा असलेलं ते छोटं भिंग प्रत्येक केसाची जाडी दाखवतं. शेजारी शेजारी जाड आणि तलम केस मिसळलेले दिसले आणि तलम केसांचं प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेलं, तर तो साठाच भरवशाचा नाही. पडद्यावर स्वतः बघायला मागा. केसांचा फोटोही न काढता ‘तीन हजार ग्राफ्ट लागतील’ असं जिथे सांगतात, तिथून उठावं.

पायरी ४: काढायचे कसे, एफयूटी की एफयूई

एफयूटीमध्ये डोक्याच्या मागून कातडीची एक लांब पट्टी काढतात. रुंदी साधारण १ ते १.५ सेंटिमीटर, लांबी गरजेप्रमाणे. जखम टाके घालून बंद करतात आणि पट्टीतले ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करतात. पट्टी सर्वांत भरवशाच्या मधल्या भागातून येते आणि ग्राफ्टभोवती थोडी चरबी राहते, त्यामुळे ते दणकट असतात. अख्खं डोकं भादरावं लागत नाही. तोट्यांत मुख्य म्हणजे एक आडवी रेघ कायमची राहते. केस दीड-दोन सेंटिमीटर ठेवले तर ती झाकली जाते, बारीक कापले की दिसते. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, मान आखडल्यासारखी वाटते आणि महिनाभर जड उचलता येत नाही. टाळू घट्ट असेल तर मुळात पट्टीच कमी मिळते.

एफयूईमध्ये एकेक गट ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे पोकळ गोल पात्याने, कापून चिमट्याने उचलतात. टाके नाहीत, आडवी रेघ नाही, माणूस लवकर कामाला लागतो. मात्र ‘व्रणच राहत नाही’ हे सपशेल खोटं. जितके ग्राफ्ट तितके ठिपके, आणि आपल्या सावळ्या कातडीवर ते पांढुरके उठून दिसू शकतात. बहुधा मागचा भाग पूर्ण भादरावा लागतो. पंच कातडीखाली न दिसता फिरतो, त्यामुळे हात बसलेला नसेल तर मूळ मधोमध कापलं जातं. मूळ तुटलं की तो केस काढलेल्या जागीही गेला आणि लावायच्या जागीही. शिवाय मर्यादेपलीकडे ग्राफ्ट उपसले की मागचं डोकं कसर लागल्यासारखं दिसतं. मला एफयूईत सगळ्यात धोक्याची वाटते ती हीच गोष्ट, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही.

निवड करताना माझा कौल असा. कानाजवळ ‘झिरो’ कट ठेवायची सवय असेल, ग्राफ्ट दीड-दोन हजारांत भागत असतील किंवा अंगमेहनतीचं काम असेल, तर एफयूई. टक्कल पुष्कळ पसरणार असल्याची चिन्हं असतील, केस मध्यम लांबीचे ठेवत असाल आणि टाळू सैल असेल, तर आधी एफयूटी आणि पुढच्या वेळी एफयूई. दोन्ही मिळून साठ्यातून सर्वांत जास्त निघतं. हल्ली हा दुसरा मार्ग कुणी सुचवतच नाही. टाके म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, आणि एफयूटीला सूक्ष्मदर्शकावर बसणारी कसलेली माणसं लागतात. त्यांचा पगार कोण देणार? पूर्वी कधी जखमेच्या जागी कातडी वर उचलून आली असेल, म्हणजे केलॉइड झालं असेल, तर कुठलंही तंत्र निवडण्यापूर्वी ते सांगा.

यंत्रमानवाने केलेलं एफयूईही असतं. ‘आर्टास’ या यंत्राला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. ते पंच फिरवतं, पण कुठून किती काढायचे हे माणूसच ठरवतो. दाढीचे केस जाड असल्याने साठा अपुरा पडला तर मधल्या भागात भर घालायला चांगले. छातीचे केस त्यामानाने बेभरवशाचे.

पायरी ५: लावायचे कसे

याला जाहिरातीत जितकी जागा मिळते तितकी इथे देण्याची गरज नाही. साध्या पद्धतीत डॉक्टर आधी बारीक छेद घेतात आणि मग ग्राफ्ट बसवतात. छेदाचं पातं पोलादी असो की नीलमण्याचं, म्हणजे ‘सफायर’, कोन, दिशा आणि खोली ठरवणारा हात महत्त्वाचा. डीएचआयमध्ये पेनासारख्या पोकळ सुईत ग्राफ्ट भरून छेद आणि लावणी एकदमच करतात. हे पेन दक्षिण कोरियातल्या चोई आणि किम यांनी १९९२ मध्ये मांडलं. उरलेले केस न भादरता मध्येमध्ये भर घालायची असेल तेव्हा ते सोयीचं पडतं. मात्र वेळ जास्त लागतो, आणि ग्राफ्टला उशीर सोसत नाही. डॉ. लिमर यांच्या नोंदीत थंड सलाइनमध्ये ठेवलेले ग्राफ्ट दोन तासांनी लावले तर ९५ टक्के उगवले, सहा तासांनी ८६ टक्के.

पायरी ६: पंच कुणाच्या हातात?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण रीतसर शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं, कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकणं पुरेसं नाही, असा त्यांचा रोख आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी डॉक्टर रेषा आखून निघून जातो आणि बाकी दिवसभर तंत्रज्ञ काम करतात. तेव्हा स्पष्ट विचारा: भूल कोण देणार? पंच कोण फिरवणार? छेद कोण घेणार? दिवसभर डॉक्टर खोलीत असतील का? त्या दिवशी दुसरा रुग्ण आहे का? ग्राफ्ट बसवायला तंत्रज्ञ मदत करतात त्यात वावगं नाही. पण भूल, काढणी आणि छेद डॉक्टरकडेच हवेत. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि गोवा वैद्यकीय परिषदेकडे पडताळा. डॉक्टर बाहेरून ठरावीक दिवशी येणारे असतील तर ते ज्या राज्यात नोंदलेले आहेत तिथल्या परिषदेकडे.

भुलेचंही एक गणित आहे. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंतच देतात. सत्तर किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं औषध सुमारे २४ मिलिलिटरच्या वर जाता कामा नये. ओठ-जीभ बधिर वाटणं, कानात गुंजन, तोंडात धातूची चव यांतलं काही जाणवलं तर संकोच न करता लगेच सांगा. प्राणवायू आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, हे आदल्या भेटीतच डोळ्यांनी बघून ठेवा.

पायरी ७: दर

‘पाच हजार केस’ आणि ‘पाच हजार ग्राफ्ट’ यांत दुपटीचा फरक आहे, कारण एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस येतात. दर ग्राफ्टवर लेखी घ्या. सौंदर्यासाठीच्या केशरोपणावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरून की वेगळा, तेही विचारा. आरोग्यविमा सहसा हा खर्च देत नाही. ‘आजच भरलेत तर सूट’ असं म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

मुंबई-बंगळुरूला किंवा थेट तुर्कस्तानला जाणारेही आहेत. तिथे काम चांगलं होत असेलही, पण दहाव्या दिवशी आणि चौथ्या महिन्यात तुमचं डोकं कोण बघणार? मुंबईहून रात्रीच्या बसने परतायचा बेत तर आखूच नका. मागची जखम रात्रभर सीटवर घासली जाते. निदान दोन रात्री तिथेच राहा.

पायरी ८: गोव्यातलं वेळापत्रक

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेच्या घामात खपल्या भिजत राहतात. जून ते सप्टेंबर उशीचे अभ्रे वाळत नाहीत, आणि पहिले दहा दिवस अभ्रा रोज धुतलेला हवा. चवथीला सगळं गणगोत जमतं, तेव्हा केस दिसावेत अशी इच्छा असेल तर जानेवारीत करा. लग्न ठरलं असेल तर किमान दहा-बारा महिने आधी. लग्नाच्या तीन महिने आधी केलंत तर नवरदेव ऐन विरळ अवस्थेत बोहल्यावर चढेल.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, मंडळींनी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच उरकावं. जहाजावर सेफ्टी हेल्मेट, इंजिनरूमची उष्णता आणि डॉक्टर दूर. रजेचे दोन महिने तरी हाताशी हवेत. जड उचलण्याचं काम असलेल्यांनी एफयूटी करताना परतीची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी.

दुचाकी हा इथला खरा प्रश्न. ग्राफ्ट पक्के धरायला नऊ-दहा दिवस जातात. तोवर हेल्मेट घालता येत नाही, आणि हेल्मेटशिवाय स्कूटर चालवायची नाही. म्हणजे दहा-बारा दिवस बस, नाहीतर कुणाची तरी गाडी. त्यानंतर आतून स्वच्छ, सैल हेल्मेट.

पायरी ९: आधी आणि नंतर

विडी-सिगारेट निदान दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर बंद. दारू आठवडाभर आधीपासून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा, स्वतःच्या मनाने नाही. त्या दिवशी पुढे बटणं असलेला सदरा घाला. गळ्यातून काढायचा टी-शर्ट ग्राफ्ट उपटेल.

पहिल्या काही रात्री डोकं उंच ठेवून झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरते. दिसायला भयंकर असली तरी ती बहुधा आपली आपण ओसरते. पहिलं धुणं केंद्रातच करून घ्या आणि बघून शिका: फेस तळव्यावर करून हलकेच टेकवायचा, पाणी तांब्याने अलगद सोडायचं, शॉवरची धार नको. खपल्या आठ-दहा दिवसांत सुटतात. नखाने काढू नका. समुद्र, स्विमिंग पूल आणि खोबरेल तेल महिनाभर लांब. ताप, वाढती वेदना, पू किंवा काळी पडणारी कातडी दिसली तर फोनवर फोटो पाठवत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात लावलेले केस गळतात. आजूबाजूचे जुनेही थोडे गळू शकतात. मूळ आत शाबूत असतं, नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतो. सहाव्या महिन्यात निम्म्याहून अधिक चित्र दिसतं, पूर्ण निकाल बाराव्या महिन्यात, भोवऱ्यात कधी दीड वर्षाने. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, केस ओले करून फोटो काढा. आरशावर विश्वास ठेवू नका.

शेवटी कागद. सुट्टी मिळताना बिलासोबत शस्त्रक्रियेची टिपणी मागा: एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट प्रत्येकी किती, पंचचा व्यास, कुठल्या भागातून किती काढले, भुलेचं प्रमाण, डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. काही वर्षांनी दुसरी बैठक करायची झाली तर नव्या डॉक्टरला साठ्याचा हिशोब याच कागदावरून मांडता येतो. तक्रार करायची वेळ आली तर वैद्यकीय परिषद असो की ग्राहक आयोग, पहिला प्रश्न याच कागदाचा असतो.